निएमीलाची गप्प माणसं

रौहा म्हणजे शांती. पीरोइनेनांच्या घरात पोरगी झाली तेव्हा बापाने मोठ्या आशेने हे नाव ठेवलं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याने कपाळाला पाणी लावलं मात्र, पोरीने असा टाहो फोडला की त्या बिचाऱ्याच्या हातातलं भांडंच कलंडलं, असं शेजारची ताइमी अजून रंगवून सांगते. ताइमी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, पण ते जाऊ दे. रौहाची कुठलीही गोष्ट निएमीला गावात कोणी खोटी ठरवायला जात नाही. घडली असेल बाबा, असंच सगळ्यांना वाटतं.

बाई अंगाने थोराड, खांदे वल्ही मारून रुंद झालेले, आवाज या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा. हिएता सरोवरावर तिच्या घराण्याची रापण होती. दोन नावांमधून जाळं सोडायचं, मोठा वेढा घालायचा आणि दोरांनी काठाला ओढत आणायचं. बायकांनी दोर धरू नये, असं तिच्या चुलत्याने तिला एकदाच सांगितलं. तिने लगेच ऐकलं आणि दोर सोडून दिला. चुलता तेव्हा दुसरं टोक धरून, नावेच्या काठावर पाय रोवून, जीव खाऊन ओढत होता. त्याला पाण्यातून वर काढल्यावर त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. पुढे नवरा रेइनो गेला, त्याचं हृदय एका हिवाळ्यात लाकडं फोडताना थांबलं, तेव्हा रापण सांभाळायला हीच उरली. मुलगा इल्पो एका टोकाला, ही दुसऱ्या टोकाला, आणि मदतीला म्हातारा उर्पो, जो निम्मा वेळ ओढायचा आणि निम्मा वेळ पाठ दुखते म्हणून सांगायचा.

आणि काय सांगू, त्या सरोवरासाठी कोणीही चिडावं असंच ते होतं. कोर्पी नदी वरच्या खोऱ्यातून, काळ्या सूचिपर्णी टेकड्यांच्या मधून, दगडांवर आपटत खाली यायची आणि हिएताला मिळायची. मिळते तिथे तळाला स्वच्छ खडी. त्या खडीवर शरदात मुइक्कू अंडी घालायचे. मुइक्कू म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे, राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळले की काट्यासकट खायचे. उन्हाळ्यात दिवस मावळायचं नावच घेत नाही, तेव्हा पाणी गुलाबी व्हायचं, मग करडं, मग पुन्हा गुलाबी, आणि मधेच एखादा पाणपक्षी असा ओरडायचा की अंगावर काटा यावा. रौहाला ते वर्णन बिर्णन जमायचं नाही. तहान लागली की ती नावेतून वाकायची, ओंजळीने पाणी प्यायची आणि म्हणायची, "देवाने हे करताना घाई केली नाही बघ."

आता निएमीलाच्या माणसांबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ही माणसं 'नाही' म्हणत नाहीत. भांडखोरपणा वाटतो त्यांना तो. समजा तुम्ही शेजाऱ्याकडे गेलात आणि म्हणालात, "उद्या तुझी नाव नेऊ का?" शेजाऱ्याला द्यायची असेल तर तो म्हणेल, "ने की." द्यायची नसेल तर तो खिडकीबाहेर बघेल. बघतच राहील. तुम्ही कॉफी संपवायची, आभार मानायचे आणि उठायचं. कोणाचं मन मोडलं नाही, कोणाचा शब्द खाली पडला नाही. लग्नाच्या मागण्या अशाच फिरवल्या गेल्यात इथे. उर्पोने तरुणपणी ताइमीला विचारलं होतं, तेव्हा ताइमीने खिडकीबाहेर इतका वेळ बघितलं की उर्पो म्हणतो, "बर्फ पडायला लागला, थांबला, तरी बाई बघतेच आहे." दोघं अजून चांगले शेजारी आहेत.

तोंडावर 'नाही' म्हणणारी अख्ख्या गावात एकटी रौहा. आणि ती 'नाही' एकदा म्हणून थांबत नसे. म्हणून तिच्या बोलण्याची गावाला लाज वाटे आणि गरजही वाटे. नको ते बोलायचं असलं की लोक तिला पुढे करत आणि मागून म्हणत, "काय बाई तोंड आहे!"

तर वरच्या खोऱ्यात राह्काची दलदल आहे. मैलोन् मैल शेवाळ, खुरटी पाइनं, ढगबेरीची पिवळी फळं. त्या शेवाळाखाली काळी जळाऊ माती, हजारो वर्षांची कुजून साठलेली. ती शहरांतल्या भट्ट्यांना हवी होती. कंपनी आली. दलदलीत चर खणायचे, पाणी काढून द्यायचं, माती वाळवायची आणि यंत्राने खरवडून न्यायची. चरांचं पाणी कुठे जाणार? कोर्पी नदीत. आणि नदी कुठे जाते ते सांगायला शहाणा लागत नाही.

पहिली सुनावणी गावच्या सभागृहात झाली. परवानग्या देणाऱ्या कचेरीतून लिंद्रूस नावाचे साहेब आले होते, दक्षिणेतले, समुद्राकाठच्या शहरातले. सभ्य माणूस, चष्मा पुसत बोलणारा. कंपनीकडून मुकादम म्हणून कालेर्वो बसला होता. कालेर्वो इथलाच, उर्पोच्या पलीकडच्या घरात वाढलेला, रेइनोबरोबर शिकारीला जाणारा. आणि रौहा तिसऱ्या रांगेत होती, तोंड घट्ट मिटून. कारण सकाळी इल्पो तिला म्हणाला होता, "आई, आज एक दिवस गप्प बस. मी यंत्रावरच्या कामाला अर्ज केलाय."

गावात दुसरं काम नव्हतं. डेअरी बंद, लाकडाची गिरणी बंद, शाळाही त्याच वर्षी बंद झालेली. इल्पोच्या वयाची पोरं केव्हाच दक्षिणेला नाहीतर स्वीडनला गेली होती. तोच एकटा राहिला होता. रौहाने मान डोलावली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, ती गप्प बसली.

लिंद्रूस साहेबांनी नकाशा दाखवला, सगळं समजावलं आणि विचारलं, "कोणाची काही हरकत आहे का?"

अख्खं गाव खिडकीबाहेर बघायला लागलं. म्हातारे, बायका, चर्चचा घंटावाला, सगळे. असं एकजात, असं पक्कं 'नाही' निएमीलात पूर्वी कधी कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. साहेबांनी थोडं थांबून पुन्हा विचारलं. लोक आणखी जोरात बघायला लागले.

"धन्यवाद," साहेब म्हणाले. "हरकत नाही, असं नोंदवतो."

लोक घरी गेले ते समाधानाने. ताइमीने तर दालचिनीचे पाव भाजले. "चांगलं सुनावलं आपण त्यांना," उर्पो म्हणाला. त्यांना वाटलं काम झालं. साहेबाला एवढंही कळू नये, असं कोणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. आणि ज्याला कळत होतं तो कालेर्वो, इथल्याच मातीतला, तो मुकाट्याने आपले कागद गोळा करून गाडीत बसला. एक वाक्य बोलला असता, "साहेब, हे नाही म्हणतायत," तर त्याची जीभ झडणार नव्हती. पण नाही बोलला.

पुढच्या वसंतात यंत्रं आली तेव्हा गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून बघत होतं. उर्पो तर यंत्र थांबवून विचारायला गेला की तुम्ही वाट चुकलात का.

त्यानंतर काय झालं ते रौहाच्या जाळ्याला विचारा. पहिल्या वर्षी नदी चहाच्या रंगाची झाली. दुसऱ्या वर्षी काळ्या कॉफीच्या. जाळ्यावर तपकिरी, बुळबुळीत थर चढायला लागला, धुता धुता हात दुखून यायचे, आणि एवढं करून हातात चार मुइक्कू आणि खंडीभर काट्याळ फालतू मासळी. नदीच्या तोंडाशी जी खडी होती तिच्यावर गाळ बसला. वल्हं रोवलं तर हातभर आत जायचं. पाण्यात वाकून बघितलं तर स्वतःचा हात कोपरापर्यंत दिसायचा नाही. रौहा ओंजळीने पाणी प्यायची बंद झाली. घरून बाटलीत पाणी घेऊन सरोवरावर जाणं, याचा तिला इतका अपमान वाटायचा की ती ती बाटली नावेच्या फळीखाली लपवून ठेवायची.

त्यातच पर्यटनवाले आले. उत्तरेची सरोवरं, नद्या, खोरी, सगळ्या जगाला दाखवायची म्हणे. एक चांगल्या जॅकेटातला तरुण फोटोवाला काठावर उभा राहून म्हणाला, "आजी, तुम्ही नावेत बसा. आणि ते जाळं जरा बाजूला ठेवाल का? घाण दिसतंय."

"घाण दिसतंय?" रौहा म्हणाली. "जाळं घाण दिसतंय होय? आणि पाणी?"

"पाण्याचं काय नाही आजी. निळं नंतर करता येतं."

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नावेतलं पाणी उपसायचं डबडं तिने सरोवरात बुडवलं, काठोकाठ भरलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. "आधी हे पी. मग निळं कर. पी की रे, पी! आजी म्हणतोस ना? आजीच्या हातचं नको म्हणू नये."

पोरगा पळाला. पण फोटो त्याने काढलाच होता, लांबून. पुढच्या उन्हाळ्यात बसथांब्यावर भलंमोठं चित्र लागलं. निळंशार हिएता, त्यात एक नाव, नावेत पाठमोरी एक बाई, आणि खाली 'निर्मळ उत्तर तुम्हाला बोलावते आहे'. रौहा बसने जाणं बंद करून सायकलने जाऊ लागली. "माझ्याच पाठीमागे लपून खोटं बोलतायत मेले," असं ती दुकानात, चर्चमध्ये, जिथे माणूस भेटेल तिथे सांगायची.

आणि घरी इल्पो होता. संध्याकाळी यंत्रावरून यायचा, कानात, नाकात, पापण्यांवर काळी धूळ. सौनाच्या वाफेत बसून अंग घासून यायचा आणि टेबलाशी बसायचा. रौहा समोर सूप ठेवायची आणि सुरू व्हायची.

"आज किती चर खणलेस? बापाच्या रापणीवर आज किती गाळ टाकून आलास? तुला हे चालतं ना? सांग की, चालतं ना तुला हे?"

इल्पो रायचा पाव मोडायचा आणि सूप संपवायचा. मग मान वर करून खिडकीकडे बघायचा. उठून ताट धुवायचा आणि झोपायला जायचा.

"बघितलंस?" रौहा दुसऱ्या दिवशी ताइमीला सांगायची. "तोंडातून एक शब्द नाही. विकला गेलाय पोरगा. पगारावर विकला गेलाय. माझ्या पोटचा आहे म्हणायला लाज वाटते."

ताइमी तिच्या कपात कॉफी ओतायची.

असं तीन वर्षं चाललं. तीन वर्षं त्या घरात एकच माणूस बोलत होता.

मग कंपनीने राह्काच्या उरलेल्या अर्ध्या भागासाठी अर्ज केला. त्या बाजूचं पाणी नदीतसुद्धा जात नव्हतं, थेट हिएताच्या पूर्वेकडच्या खाडीत उतरणार होतं. आणि मुइक्कूंना अंडी घालायला आता तेवढी एकच खडीची जागा उरली होती. ती गेली की संपलं. रापण गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि मुइक्कू कसे दिसायचे ते पर्यटनवाल्यांच्या चित्रात बघायचं.

रौहा घरोघर फिरली. दारात उभी राहून एकेकाला धारेवर धरलं.

"उर्पो, या खेपेला तोंड उघडायचं. भाषण नको. एक शब्द. नाही म्हणायचं. म्हण बघू आत्ता."

उर्पो टोपी फिरवत म्हणाला, "अगं, मागच्या वेळी आपण स्पष्टच सांगितलं होतं की."

"काय स्पष्ट सांगितलंत रे? तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात सगळे!"

"तूसुद्धा होतीस."

हे तिला झोंबलं. "होते! आणि तेच जळतंय मला रात्रंदिवस! म्हणून तर तुझ्या दारात उभी आहे. म्हणणार आहेस की नाही?"

उर्पोने खिडकीबाहेर बघितलं.

ताइमीकडेही तेच. ताइमी म्हणाली, "रौहा, चारचौघांत उठून परक्या माणसाला नाही म्हणायचं म्हणजे... तो किती लांबून येतो गं. त्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटेल! आणि आपण काय पिणार ते?"

"पाव घे ना," ताइमी म्हणाली.

रौहाने पाव घेतला नाही, यावरून किती चिडली होती ते समजावं.

सुनावणीचा दिवस उजाडला. तेच सभागृह, तेच साहेब, चष्मा पुसत. कालेर्वोही त्याच खुर्चीवर. मागच्या रांगेत कामगार बसले होते, त्यांच्यात इल्पो. कालेर्वोनेच त्यांना आणलं होतं, गावाला दिसावं म्हणून की इथल्याच पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. रौहाने मुलाकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

नकाशा झाला. साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

रौहा उठली. उठली म्हणजे काय, खुर्ची मागे पडली.

"माझी आहे. माझी मागच्या वेळीही होती आणि मी ती गिळली, त्याची शिक्षा भोगतेय. साहेब, तुम्ही दर वेळी नकाशा आणता. नकाशावर सरोवर निळं, बसथांब्यावरच्या चित्रात निळं, तुमच्या कागदांत निळं. फक्त माझ्या डबड्यात तपकिरी! एकदा जाळं धुवायला या. थंडीत, उघड्या हातांनी. त्या शेंबडासारख्या गाळात बोटं घाला आणि मग मला सांगा की चराच्या पाण्याने काही होत नाही. आम्ही आईच्या दुधाबरोबर हे पाणी प्यालो. आता घरून बाटली नेते मी सरोवरावर! पाण्यावर पाण्याची बाटली! थू!"

तिचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. ती खाली बसायला गेली, पण खुर्ची पडलेली होती, म्हणून उभीच राहिली.

"नोंद केली," साहेब हळूच म्हणाले. "आणखी कोणाची हरकत?"

सभागृह खिडकीबाहेर बघायला लागलं.

रौहाने वळून पाहिलं. उर्पो बघतोय. ताइमी बघतेय. घंटावाला बघतोय. बाहेर काय होतं? बर्चची झाडं होती, दुसरं काही नव्हतं. तिला वाटलं, एकेकाची मानगूट धरून आपटावं. तुमचं तळं गेलं, तुमची नदी गेली, आता शेवटची खाडी जातेय आणि तुम्ही झाडं मोजा! हात शिवशिवत होते तिचे.

"तर मग," साहेबांनी लेखणी उचलली, "एक हरकत. बाकीच्यांची संमती आहे असं..."

"थांबा!" रौहा ओरडली. ओरडताना तिला स्वतःला माहीत नव्हतं पुढे काय म्हणणार आहे. "संमती कुठे दिली कोणी? तुम्ही ऐकलीत? कानांनी ऐकलीत? मग लिहिता कशी?"

"बाई, कोणी बोललं नाही, म्हणून..."

"मग उलटं विचारा."

"म्हणजे?"

"उलटं विचारा! चर खणायला कोणाची संमती आहे, असं विचारा. ज्याची असेल त्याने बोलायचं."

"अशी पद्धत नाही, बाई."

"मागच्या पद्धतीने माझं सरोवर खाल्लं! विचारा! तुमची जीभ झिजते का एक प्रश्न विचारून?"

कालेर्वो पटकन म्हणाला, "साहेब, याची काही गरज नाही." त्याच्या कपाळावर घाम आला होता. आणि त्या घामामुळेच बहुधा, साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि मग सभेकडे वळले. माणूस परका होता, पण वाईट नव्हता.

"या कामाला कोणाची संमती आहे?" त्यांनी विचारलं.

खिडकीबाहेर बघणं चालूच राहिलं. कोणी खाकरलंसुद्धा नाही. साहेब थांबले. या वेळी ते खरंच थांबले, चांगले थांबले, आणि एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. काय बघतोय ते त्यांना हळूहळू कळत गेलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

कालेर्वो खुर्चीतच मागे वळला. "पोरांनो, बोला की. तुमच्या कामाचा प्रश्न आहे. इल्पो? तू जुना माणूस. सांग साहेबांना."

रौहाने मागे मुलाकडे बघितलं. आता हा म्हणणार. आता हा उठणार आणि 'माझी आहे' म्हणणार, आईच्या तोंडावर, बापाच्या गावात. तिने पडलेल्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

इल्पोने टोपी गुडघ्यावर ठेवली. कालेर्वोकडे बघितलं. मग शांतपणे मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या शेजारची पोरंही बघायला लागली.

"कोणाचीही संमती नाही," साहेबांनी लिहिलं, मोठ्याने म्हणत.

परवानगी नाकारली गेली, ते शरदात कळलं. कंपनी पुन्हा अर्ज करेल, हेही कळलं. पूर्वेची खाडी तेवढी वाचली, नदी काही परत आली नाही. पण ते सगळं नंतरचं. सुनावणीनंतरच्या आठवड्यात इल्पो दुपारीच घरी आला. बूट काढले, टेबलाशी बसला. रौहाने विचारलं, "आज लवकर?" त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं ते दुकानदाराने, संध्याकाळी. इल्पोला कामावरून काढलं होतं. एकट्याला.

रौहा सायकलवर बसली ती थेट राह्काला. वाटेत चढ आहे, उतरायला हवं होतं, उतरली नाही. कंपनीची कचेरी म्हणजे दलदलीच्या कडेला ठेवलेली पत्र्याची खोली. दार उघडून आत गेली आणि कालेर्वोच्या टेबलावर दोन्ही हात आपटले.

"हरामखोरा! मी बोलले, मला काय करायचं ते कर! त्याला का काढलंस? त्याने काय केलं तुझं? तो एक शब्दसुद्धा बोलला नाही! अख्ख्या सभेने ऐकलं, एक शब्द बोलला नाही माझा पोरगा!"

कालेर्वो खुर्चीतून उठला नाही. चिडलाही नाही. थकलेला दिसत होता.

"तेच तर, रौहा," तो म्हणाला. "मी इथलाच आहे. मला कळतं."

रौहाने टेबलावरचे हात मागे घेतले. तीन वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसून पोरगा तिला रोज तेच सांगत होता. "तुला हे चालतं ना?" असं ती रोज विचारायची आणि तो रोज खिडकीकडे बघून म्हणायचा, नाही, आई, नाही चालत. आणि निएमीलात जन्मलेली, वाढलेली, म्हातारी झालेली बाई समुद्राकाठच्या साहेबासारखी त्याच्या समोर बसून 'हरकत नाही' असं नोंदवत राहिली. कालेर्वोला कळलं. या मेल्या कालेर्वोला कळलं आणि आईला कळलं नाही.

ती बाहेर आली. खरवडलेली काळी माती वाऱ्यावर उडत होती, तोंडात, डोळ्यांत जात होती. सायकल उचलली आणि चालवायची विसरून ती नुसती हातात धरून चालू लागली. रडत होती, पण राग जास्त होता, आणि या खेपेला तो काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं. घरी इल्पो टेबलाशी बसलेला असणार होता. त्याला काय म्हणायचं, ते घर दिसायला लागलं तरी तिला सुचलं नव्हतं.